एडीएचडीचे औषध मुलाला लागू पडते आहे का, हे कसे पाहावे

एडीएचडीचे, म्हणजे लक्ष न टिकणे, अति चंचलता आणि उतावीळपणा ही लक्षणे असलेल्या विकाराचे, निदान झालेल्या मुलाला मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक वर्गातील औषध सुरू केल्यानंतर पंधरा दिवसांनी पालक पुन्हा डॉक्टरांकडे जातात. तेव्हा पहिला प्रश्न बहुधा ‘आता कसा आहे?’ असा असतो आणि त्याचे उत्तर ‘तसा बरा आहे’ असे मिळते. एवढ्याच संवादावर औषधाची मात्रा वाढते, कमी होते किंवा औषध बंदच केले जाते. या औषधाचा परिणाम तासांमध्ये मोजता येतो, तो घेतल्या दिवशीच दिसतो आणि दुसऱ्या दिवशी शिल्लक राहत नाही. त्यामुळे तो नीट तपासणे हे मानसोपचारातील इतर बऱ्याच औषधांच्या तुलनेत सोपे आहे. तरीही तपासणी अंदाजपंचे होते, कारण कोणी, कोणत्या वेळी आणि काय पाहायचे हे आधी ठरवलेले नसते.

ही तपासणी वरवरची औपचारिकता नाही, याचा चांगला पुरावा अमेरिकेतील एमटीए या अभ्यासातून मिळतो. १९९९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सात ते नऊ वर्षे वयाच्या ५७९ मुलांवर चौदा महिने वेगवेगळ्या पद्धतींनी उपचार करण्यात आले. एका गटाला अभ्यासातील डॉक्टरांनी औषध दिले, तर दुसऱ्या एका गटातील मुले आपापल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली आणि त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुलांनाही हीच उत्तेजक वर्गातील औषधे मिळाली. औषध तेच असूनही पहिल्या गटातील मुलांची सुधारणा लक्षणीयरीत्या अधिक होती. त्या गटात पहिले २८ दिवस वेगवेगळ्या मात्रा आणि औषध नसलेली गोळी यांची अदलाबदल करून पालक व शिक्षकांकडून रोज गुण भरून घेतले जात होते, पुढे दर महिन्याला अर्ध्या तासाची भेट होत होती आणि शिक्षकांची माहिती डॉक्टरांपर्यंत नियमित पोहोचत होती. शिवाय या मुलांना दिवसातून सरासरी अधिक वेळा आणि अधिक मात्रेत औषध मिळाले, कारण मोजमाप होत असल्यामुळे मात्रा कुठे अपुरी पडते ते दिसत होते.

पुढे दिलेली पद्धत घरच्या आणि शाळेच्या मर्यादेत बसेल अशी आहे. मात्रा ठरवणे, बदलणे व थांबवणे हा निर्णय मात्र मुलावर उपचार करणाऱ्या बालमानसोपचारतज्ज्ञांचा किंवा बालरोगतज्ज्ञांचाच आहे. पालकांनी त्या निर्णयासाठी लागणारी सामग्री पुरवायची आहे.

गोळी सुरू होण्यापूर्वीचे दोन आठवडे

बहुतेक कुटुंबे डॉक्टरांकडे जातात ती सर्वांत वाईट आठवड्यानंतर. शाळेतून वहीत शेरा आलेला असतो, एखाद्या मुलाला ढकलल्याची तक्रार असते किंवा घटक चाचणीचे गुण हातात पडलेले असतात. अशा आठवड्यानंतरचा आठवडा काहीच न करताही बरा जाण्याची शक्यता असते आणि ते श्रेय आपोआप गोळीच्या खात्यावर जमा होते. म्हणून औषधापूर्वीच्या किमान दोन साध्या आठवड्यांची नोंद हवी. महाराष्ट्रातील शाळांचे वेळापत्रक लक्षात घेतले, तर जूनच्या मध्यावर वर्ग सुरू होताच औषध सुरू करणे या दृष्टीने सोयीचे नसते, कारण नव्या वर्गशिक्षिका मुलाला अजून ओळखत नसतात. जुलैचा उत्तरार्ध किंवा दिवाळीच्या सुट्टीनंतरचे आठवडे अधिक चांगले. गणपतीचे दिवस, स्नेहसंमेलनाच्या तालमी, सहामाही परीक्षा आणि मे महिन्याची सुट्टी या काळातील नोंदींवरून काहीही निष्कर्ष काढू नये.

या दोन आठवड्यांत दोन प्रकारची सामग्री जमवावी. पहिली म्हणजे ठरलेली प्रश्नावली. व्हँडरबिल्ट किंवा स्नॅप-फोर यांपैकी एखादी प्रश्नावली बहुतेक बालविकास केंद्रांत मिळते. दोन्हींच्या गाभ्यात अठरा लक्षणांचे प्रश्न असतात, नऊ लक्ष न लागण्याचे आणि नऊ चंचलता व उतावीळपणाचे, आणि प्रत्येकाला शून्य ते तीन गुण द्यायचे असतात. प्रश्नावली कोणती घेतली यापेक्षा ती शेवटपर्यंत तीच राहणे आणि भरणारी व्यक्ती तीच राहणे महत्त्वाचे आहे. एका आठवड्यात आईने आणि पुढच्या आठवड्यात आजोबांनी भरलेल्या प्रश्नावल्यांची तुलना केली, तर त्यातून मुलातील फरक कळत नाही, आई आणि आजोबांमधला फरक तेवढा कळतो.

दुसरी सामग्री म्हणजे या मुलापुरती निवडलेली तीन-चार वर्तने. ‘अभ्यासात लक्ष नाही’, ‘फार मस्ती करतो’ ही वर्णने इथे उपयोगाची नाहीत, कारण ती मोजता येत नाहीत. फळ्यावर लिहिलेल्यांपैकी किती ओळी वहीत पूर्ण उतरल्या, गणिताच्या तासाला दिलेल्या दहापैकी किती उदाहरणे हाती घेतली आणि त्यांतील किती बरोबर आली, सकाळी दप्तर भरताना किती वेळा सांगावे लागले, कॅरम खेळताना दुसऱ्याच्या पाळीत किती वेळा हात घातला, अशा गोष्टी निवडाव्यात. वह्या हा तर आयताच पुरावा आहे. त्यावर तारीख असते आणि त्या कोणाची बाजू घेत नाहीत. तिसरी-चौथीच्या मुलाच्या वर्गपाठाच्या वहीची औषधापूर्वीची आठ-दहा पाने मोबाइलवर टिपून ठेवली, तर अर्धवट सुटलेली वाक्ये, गाळलेले काना-मात्रा आणि मध्येच सोडून दिलेली उदाहरणे पुढे तुलनेसाठी हाताशी राहतात.

याच काळात दुष्परिणामांची यादीही भरावी, हे वाचून काहींना आश्चर्य वाटेल. गोळी घेण्याआधी दुष्परिणाम कुठून येणार? परंतु पोटदुखी, डोकेदुखी, भूक कमी असणे, रात्री उशिरा झोप लागणे, नखे खाणे, चिडचिड आणि रडवेपणा या तक्रारी एडीएचडी असलेल्या अनेक मुलांमध्ये मुळातच असतात. त्या आधी नोंदवल्या नाहीत, तर गोळी सुरू झाल्यावर प्रथमच लक्षात येतात आणि चांगले लागू पडणारे औषध विनाकारण बंद होते. उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब यांची पहिली नोंदही याच वेळी डॉक्टरांकडे व्हावी. मुलाला कधी चक्कर येऊन शुद्ध हरपली असेल, किंवा जवळच्या नात्यात कोणाचा तरुण वयात अचानक हृदयविकाराने मृत्यू झाला असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगावे.

घड्याळ

पालकांकडून सर्वाधिक ऐकू येणारे वाक्य असते, ‘शाळेत फरक आहे म्हणतात, पण घरी काहीच नाही.’ यात बहुतेक वेळा कोणीच चुकीचे बोलत नसते. साधी, कमी काळ टिकणारी मिथाइलफेनिडेटची गोळी अर्ध्या तासाच्या आसपास काम करू लागते, दीड-दोन तासांनी तिचा परिणाम सर्वाधिक असतो आणि साधारण चार तासांत तो ओसरतो. सकाळी साडेसहाला गोळी घेऊन सातच्या शाळेला गेलेला मुलगा साडेबाराला घरी येतो, तेव्हा औषध केव्हाच उतरलेले असते. आई त्याला पाहते ती गोळीच्या आधी आणि गोळीच्या नंतर. मधले चार तास फक्त बाई पाहतात. संध्याकाळच्या शिकवणीतील सरांनी ‘पूर्वीसारखाच आहे’ असे सांगितले, तर ती औषधाविरुद्धची साक्ष नाही. ती औषध नसतानाची नोंद आहे आणि तशी ती उपयुक्तच आहे. दीर्घकाळ काम करणाऱ्या गोळ्यांचा परिणाम प्रकारानुसार आठ ते बारा तास टिकतो. तिथे हे गणित बदलते. म्हणून आपल्या मुलाला कोणता प्रकार दिला आहे आणि तो किती तास चालणे अपेक्षित आहे, हे चिठ्ठी हातात घेतानाच विचारून घ्यावे. अशा गोळ्या फोडून, चावून किंवा कुटून देऊ नयेत, कारण त्यांचे हळूहळू सुटण्याचे तंत्रच त्यामुळे मोडते.

म्हणून प्रत्येक नोंदीपुढे दोन वेळा लिहाव्यात: गोळी किती वाजता दिली आणि हे वर्तन किती वाजता दिसले. एवढ्या एका सवयीने निम्मा गोंधळ मिटतो. घरी परिणाम पाहायचाच असेल, तर रविवारचा उपयोग करता येतो. गोळीनंतर दीड तासाने, मोबाइल व टीव्ही बंद असताना, मुलाच्या पातळीच्या बेरीज-वजाबाकीची एक पाटी किंवा कागद दहा मिनिटांसाठी द्यावा. किती उदाहरणे केली आणि किती बरोबर आली, हे दोन्ही आकडे लिहावेत. या औषधांच्या संशोधनासाठी चालवल्या जाणाऱ्या प्रायोगिक वर्गांतही दहा मिनिटांच्या गणिताचाच उपयोग करतात, कारण त्यात बुद्धीपेक्षा टिकून राहण्याची परीक्षा होते. डॉक्टरांनी रविवारी गोळी न देण्यास सांगितले असेल, तर त्याच वेळी तसाच दुसरा कागद देऊन तुलना करता येते. उदाहरणे दर वेळी नवी पण तेवढ्याच अवघडपणाची असावीत, नाहीतर सरावाने होणारी वाढ औषधाची समजली जाईल.

शिक्षकांकडून माहिती घेताना

पन्नास-साठ मुलांच्या वर्गात एका मुलासाठी दर आठवड्याला अठरा प्रश्न भरून देण्याची अपेक्षा करणे व्यवहार्य नाही. संपूर्ण प्रश्नावली औषधापूर्वी एकदा आणि नंतर प्रत्येक मात्रेच्या शेवटी एकदा भरून मिळाली, तरी पुरेसे आहे. मधल्या काळात डायरीत तीन ओळींची चौकट आखून द्यावी: वर्गपाठ पूर्ण झाला का, जागेवरून किती वेळा उठला, मधल्या सुट्टीत इतरांबरोबर खेळला का. उत्तर हो, नाही किंवा एका आकड्यात असावे. तिसरा प्रश्न वगळू नये. त्याचे कारण पुढे येईल.

मुलावर उपचार सुरू आहेत हे शाळेला सांगावे की नाही, याबद्दल कुटुंबांची मते वेगळी असतात आणि शिक्का बसण्याची भीती निराधार म्हणता येत नाही. माझे मत सांगण्याच्या बाजूने आहे, मात्र एका अटीवर. कोणत्या आठवड्यात कोणती मात्रा सुरू आहे आणि ती कधी बदलली, हे शिक्षकांना सांगू नये. आजपासून डोस वाढवला आहे हे कळल्यावर चांगल्यातल्या चांगल्या शिक्षिकेच्या नजरेतही अपेक्षा येते. पालकांना हे ठाऊक असतेच. त्यामुळे मात्रा न कळता पाहणारे एक तरी निरीक्षक असणे आवश्यक ठरते. पालकांनी स्वतःहून औषधाऐवजी दुसरीच गोळी देऊन परीक्षा घेण्याचा प्रयोग मात्र करू नये. तशी चाचणी करायची असेल, तर ती डॉक्टरांनीच आखावी.

भारतात हे औषध अनुसूची ‘एक्स’मध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत आहे. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत औषधविक्रेता ठेवून घेतो आणि प्रत्येक दुकानात ते मिळत नाही. त्यामुळे अधूनमधून दोन-चार दिवस गोळी चुकते. अशा दिवसांबद्दल हळहळण्यापेक्षा त्यांच्यावर खूण करून ठेवावी. गोळी नव्हती हे शाळेला ठाऊक नसताना डायरीतील नोंदी त्याच दिवशी घसरल्या असतील, तर त्याहून निःपक्ष साक्ष क्वचितच मिळते.

आकडे कसे वाचावेत

डॉक्टर साधारणपणे लहान मात्रेने, बहुधा पाच मिलिग्रॅमने सुरुवात करतात आणि आठवड्याच्या अंतराने टप्प्याटप्प्याने ती वाढवतात. औषध त्याच दिवशी काम करत असल्यामुळे एका मात्रेचा अंदाज घ्यायला शाळेचा एक पूर्ण आठवडा पुरतो. ॲटोमॉक्सेटिन हे उत्तेजक नसलेले औषध दिले असेल, तर मात्र ही गती लागू होत नाही; त्याचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात.

चौथीतील एका मुलाचे कल्पित उदाहरण घेऊ. शिक्षिकांच्या प्रश्नावलीत अठरा लक्षणांचे ५४ पैकी ३८ गुण औषधापूर्वी होते आणि फळ्यावरील चौदा ओळींपैकी सरासरी सहा वहीत उतरत होत्या. पाच मिलिग्रॅमवर गुण ३३ झाले आणि ओळी सात. हा फरक इतका लहान आहे की, कोणत्याही दोन आठवड्यांत तो औषधाविनाही पडू शकतो. दहा मिलिग्रॅमवर गुण १९ झाले, ओळी बारा झाल्या आणि मधल्या सुट्टीतील खेळ पूर्वीसारखाच राहिला. पंधरा मिलिग्रॅमवर गुण १७ आणि ओळी तेरा. पण डबा तीन दिवस जवळजवळ भरलेला परत आला आणि मधल्या सुट्टीत मुलगा जिन्याच्या पायरीवर एकटा बसून होता, अशी नोंद झाली. केवळ बेरीज पाहिली तर तिसरी मात्रा सर्वांत चांगली ठरते. प्रत्यक्षात योग्य मात्रा दुसरी आहे.

गुण किती उतरले म्हणजे औषध लागू पडले म्हणावे? एकूण गुणांत २५ ते ३० टक्के घट हा व्यवहारात वापरला जाणारा किमान उंबरठा आहे. परंतु तेवढ्यावर थांबणे म्हणजे मुलाला अर्ध्या वाटेत सोडणे होय. प्रत्येक लक्षणाचे सरासरी गुण एक किंवा त्याहून खाली, म्हणजे अठरा प्रश्नांचे मिळून अठराच्या आसपास, येणे हे अधिक योग्य उद्दिष्ट आहे. कारण त्या पातळीवरील मूल वर्गातील इतर मुलांमध्ये वेगळे उठून दिसत नाही. उद्दिष्ट गाठण्यासाठी मुलाचा हसरेपणा खर्ची पडत असेल, तर ते उद्दिष्ट सोडावे. शांत बसलेला मुलगा शाळेला आणि घराला सोयीचा असतो. म्हणूनच अति मात्रा झालेल्या मुलाबद्दल तक्रार येत नाही, उलट कौतुक येते. मधल्या सुट्टीचा प्रश्न डायरीत ठेवायचा तो यासाठी.

मुलालाही विचारावे. आठ-नऊ वर्षांचे मूल गोळीने काय बदलते, हे मोठ्यांना वाटते त्याहून चांगले सांगू शकते. फक्त प्रश्न ‘गोळीने बरे वाटते ना?’ असा सुचवणारा नसावा.

दुष्परिणामांतही वेळ पाहावी

गोळीनंतर दीड-दोन तासांनी मूल रडवे, सुन्न किंवा एकाच गोष्टीत अडकलेले दिसत असेल, तर त्या वेळी औषध ऐन भरात असते आणि मात्रा जास्त झाल्याची शक्यता असते. हाच रडवेपणा किंवा त्रागा औषध उतरण्याच्या वेळी, तासाभरापुरता येत असेल, तर तो औषध ओसरल्याचा परिणाम आहे. पहिल्या प्रकारात मात्रा कमी करावी लागते. दुसऱ्या प्रकारात कधीकधी उलट, गोळीचा प्रकार बदलून किंवा दुपारी लहानशी मात्रा जोडून डॉक्टर मार्ग काढतात. ‘चिडचिड करतो’ एवढेच सांगितले, तर या दोहोंतील भेद त्यांना कळण्याचा मार्ग नाही.

भूक दुपारी मंदावणे अपेक्षितच असते. डबा कितपत संपला हे रोज लिहावे, पण त्याच ओळीत रात्रीचे जेवणही लिहावे. अनेक मुले संध्याकाळी सहानंतर ती कसर भरून काढतात, आणि गोळीच्या आधी पोटभर नाश्ता दिला तर दिवसाचा हिशेब बराचसा जुळतो. दहा वर्षे व त्याखालील मुलांचे वजन दर तीन महिन्यांनी, उंची दर सहा महिन्यांनी, तर नाडी व रक्तदाब प्रत्येक मात्राबदलाच्या वेळी आणि पुढे सहा महिन्यांनी पाहावा. उंची-वजनाचे आकडे सुटे न ठेवता भारतीय बालरोग अकादमीच्या वाढीच्या आलेखावर मांडून घ्यावेत. एमटीए अभ्यासात सलग औषध घेणाऱ्या मुलांची उंची तीन वर्षांनी औषध न घेतलेल्या मुलांपेक्षा सुमारे दोन सेंटिमीटरने कमी भरली होती. हा फरक घाबरण्याइतका नाही, दुर्लक्ष करण्याइतकाही नाही. डोळे मिचकावणे, खांदे उडवणे अशा हालचाली नव्याने सुरू झाल्या, तर त्यांचे मोबाइलवर लहान चित्रण करून डॉक्टरांना दाखवावे. छातीत दुखणे, धाप लागणे, शुद्ध हरपणे, नसलेल्या गोष्टी दिसणे वा ऐकू येणे, किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा, यांपैकी काहीही झाल्यास पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधावा.

गुण घसरत नाहीत तेव्हा

पुरेशा मात्रेपर्यंत जाऊनही फरक दिसत नसेल, तर औषधाला नापास करण्यापूर्वी काही गोष्टी तपासाव्यात. गोळी खरोखर पोटात जाते आहे का, ही त्यांतली पहिली. शाळेत दुपारची गोळी स्वतः घ्यायची असेल, तर ती दप्तराच्या कप्प्यात सापडण्याचे प्रमाण कमी नाही. मुलाची झोप पुरेशी आहे का, ही दुसरी. तिसरी गोष्ट अध्ययन अक्षमतेची. लक्ष सुधारल्यावर मूल धड्यावर जास्त वेळ बसते, पण वाचताना अक्षरे चुकतच राहतात आणि शुद्धलेखनाच्या चुका तेवढ्याच येतात. अशा वेळी औषधाने आपले काम केलेले असते. उरलेल्या कामासाठी विशेष शिक्षकांचे साहाय्य लागते. म्हणून परीक्षेतील गुण हे औषधाचे मोजमाप म्हणून वापरू नयेत, निदान पहिले वर्षभर तरी.

याउलट, औषधाने फरक पडला म्हणजे निदान पक्के झाले, असेही समजू नये. १९७८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोणतीही अडचण नसलेल्या मुलग्यांना उत्तेजक औषधाचा एकेक डोस दिला असता, त्यांचीही हालचाल कमी झाली आणि लक्ष वाढले. शंका असलेल्या मुलाला ‘गोळी देऊन पाहू, फरक पडला तर एडीएचडी’ ही रीत त्यामुळे टिकत नाही.

मात्रा बसल्यानंतरही वर्षातून एकदा औषधाची गरज अजून आहे का, हे डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध थांबवून पाहावे. ही चाचणी मे महिन्याच्या सुट्टीत केल्यास काही कळत नाही, कारण सुट्टीत मुलाकडून चार तास एका जागी बसण्याची मागणीच नसते. दिवाळीनंतर शाळा सुरू होऊन वर्ग स्थिरावला आणि परीक्षा लांब असली, की दोन आठवडे निवडावेत, शिक्षकांना तारखा न सांगता नेहमीच्या प्रश्नावल्या भरून घ्याव्यात आणि वर्गपाठाच्या वह्या पुन्हा टिपून ठेवाव्यात. गुण पूर्वीच्या पातळीकडे चढू लागले, तर डॉक्टर औषध पुन्हा सुरू करतील. ते चढले नाहीत, तर गोळीशिवाय वार्षिक परीक्षेपर्यंत महिन्यातून एकदा प्रश्नावली भरत राहावी आणि इयत्ता बदलताना, विशेषतः चौथीतून पाचवीत जाऊन विषयागणिक शिक्षक वेगळे होतात तेव्हा, पहिल्या दीड महिन्यानंतर ती पुन्हा एकदा भरून डॉक्टरांना दाखवावी.